पॅकेजच्या वर्णनात स्पेलिंग चुकलंय, कळवायचं कुणाला आणि कसं?

सड्यावरची

नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यातल्या एका शाळेची कॉम्प्युटर लॅब मी सांभाळते. ११ जुनी मशिनं आहेत, सगळ्यांवर डेबियन १२ ही लिनक्स सिस्टिम, आणि इंटरनेट म्हणजे माझा फोन, तो पण सड्याच्या बाजूच्या खिडकीत ठेवला तरच. प्रश्न लांबलाय, पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही.

गेल्या महिन्यात आठवीतल्या एका मुलाला फवारणीचं वेळापत्रक कॉम्प्युटरवर करायचं होतं. घरी हापूसची कलमं आहेत, दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं मोहोर संरक्षणाचं वेळापत्रक त्याच्या बाबांनी पडवीत भिंतीला चिकटवलंय, त्यावरून तारखा टाकायच्या आणि आदल्या दिवशी आठवण यायला हवी, एवढंच. मी म्हटलं टर्मिनल उघड, एपीटी सर्च लिही आणि पुढे इंग्रजीत कॅलेंडर टाक. ढीगभर नावं आली. पण जे छोटं पॅकेज, म्हणजे डेबियनवर टाकायचा प्रोग्राम, मी स्वतः दोन वर्षं वापरतेय, जे या जुन्या मशिनवर पण पटकन उघडतं, तेच यादीत नाही! मला वाटलं काढून टाकलं की काय. नावाने शोधलं तर आहे. मग एपीटी शो करून वर्णन वाचलं तेव्हा दिसलं, कॅलेंडरच्या शेवटी डी-ए-आर हवं तिथं डी-ई-आर लिहिलंय. वरच्या एका ओळीत पण तसंच आणि खालच्या परिच्छेदात पण तसंच. म्हणजे माणूस ज्या शब्दाने शोधणार तोच शब्द चुकलेला, मग ते पॅकेज सापडणार कसं? त्या मुलाला त्याचं नाव कुठून माहीत असणार?

त्यानंतर मला सवयच लागली, कुठलंही पॅकेज टाकताना वर्णन नीट वाचायचं. सेपरेटमधे पी नंतर ए च्या जागी ई, रिसीव्हमधे ई-आय च्या जागी आय-ई, ऑकर्ड म्हणजे 'घडलं', त्यात दोनच्या जागी एकच आर, एका ठिकाणी 'द' दोनदा लागोपाठ. वहीत लिहून ठेवलंय, आत्तापर्यंत १७ चुका झाल्यात.

आता अडचण अशी की एकदा मी धीर करून एका प्रोजेक्टला पुल रिक्वेस्ट, म्हणजे माझा बदल घ्या अशी विनंती, टाकली होती, तीन शब्द दुरुस्त केले होते, तीन वेगवेगळ्या पुल रिक्वेस्ट झाल्या कारण मला एकत्र कशा करायच्या ते माहीत नव्हतं. तिन्ही बंद केल्या आणि खाली एकच ओळ, असल्या रिक्वेस्ट पाठवू नका. खूप वाईट वाटलं. मी काय चुकीचं केलं ते अजून कळलेलं नाही.

आणि दुसरं, मी अधूनमधून वर्णनांचं मराठी भाषांतर पण करते. एका पॅकेजचं अख्खं वर्णन मराठीत केलं होतं, मशिनवर दिसत पण होतं, आणि मग अपग्रेडनंतर परत इंग्रजी दिसायला लागलं. कुणीतरी सांगितलं की इंग्रजीत कुणी स्पेलिंग सुधारलं असेल. एक अक्षर सुधारलं की भाषांतर जातं का? तसं असेल तर मी या १७ चुका कळवून बाकीच्या भाषांतरवाल्यांचं नुकसान करतेय का?

कळवायचं की नाही, कुणाला, कसं, जरा सविस्तर सांगा.

मिऱ्या_बंदर

ताई, कळवायचं. शंभर टक्के कळवायचं. तुम्ही दिलेलं कॅलेंडरचं उदाहरण इतकं नेमकं आहे की ते तसंच्या तसं बगमधे, म्हणजे चूक कळवायच्या नोंदीत, लिहा, कारण एपीटी सर्च फक्त पॅकेजचं नाव आणि वर्णन यातच शोधतं, दुसरीकडे कुठे बघत नाही. डेबियन १२ मधे ६४ हजारांच्या वर पॅकेजेस आहेत, त्या गर्दीत माणसाच्या हातात शोधायला वर्णनाशिवाय काहीच नाहीये.

अजून एक गोष्ट, हे डी-ई-आर वालं स्पेलिंग साध्या स्पेलचेकरला सापडत पण नाही. इंग्रजीत तसा खरोखर शब्द आहे, कापड किंवा कागद दाबून गुळगुळीत करणाऱ्या रुळांच्या मशिनला म्हणतात. त्यामुळे स्पेलचेकर म्हणतो बरोबर आहे, पुढे जा. अशी चूक माणसाने वाचलं की दिसते, म्हणून तुमच्या वहीला किंमत आहे.

आता कुणाला कळवायचं. आधी हे शोधायचं की चुकलेलं वाक्य लिहिलंय कुणी. डेबियनमधे वर्णन ज्या फाइलमधे असतं तिचं नाव कंट्रोल, सोर्सच्या, म्हणजे पॅकेजच्या मूळ फाइल्सच्या, आत डेबियन नावाच्या फोल्डरमधे असते. एपीटी सोर्स करून सोर्स उतरवा (त्यासाठी सोर्सेस लिस्टमधे डेब-एसआरसी ची ओळ चालू पाहिजे) आणि ती फाइल उघडा. डिस्क्रिप्शन म्हणून ओळ दिसेल, तिच्यापुढे एक ओळीचं छोटं वर्णन, ८० अक्षरांच्या आत, आणि खाली मोठं वर्णन. मोठ्या वर्णनाची प्रत्येक ओळ एका स्पेसने सुरू होते आणि मधे रिकामी ओळ हवी असेल तर स्पेस देऊन फक्त एक टिंब टाकतात. हे मुद्दाम सांगतोय कारण दुरुस्ती करताना चुकून ती स्पेस उडाली किंवा टिंब पुसलं गेलं तर अख्खी फाइल बिघडते आणि मग मेंटेनर, म्हणजे पॅकेज सांभाळणारा, वैतागतो.

चूक फक्त या कंट्रोल फाइलमधे असेल तर ती डेबियनच्या मेंटेनरने लिहिलेली आहे, त्याला कळवायचं. तेच वाक्य मूळ प्रोजेक्टच्या रीडमी या माहितीच्या फाइलमधे पण असेल तर मेंटेनरने तिथून उचललंय, मग मूळ प्रोजेक्टला पण कळवायला हवं, नाहीतर इकडे सुधारलेलं पुढच्या व्हर्जनला कुणीतरी परत तिकडून कॉपी करतो. आणि तुम्ही सॉफ्टवेअर सेंटरमधे बघत असाल, तो चित्रं आणि बटणंवाला स्टोअर, तर तिथलं वर्णन बऱ्याचदा वेगळ्याच फाइलमधून येतं, ॲपस्ट्रीमची मेटाइन्फो फाइल, ती साधारणपणे मूळ प्रोजेक्टवालेच लिहितात.

कळवायला रिपोर्टबग नावाचा प्रोग्राम आहे, तो एकेक प्रश्न विचारत जातो. ते जमत नसेल तर साधी ईमेल चालते, सबमिट ॲट बग्ज डॉट डेबियन डॉट ऑर्ग. पहिल्या ओळीत पॅकेजचं नाव, दुसरीत व्हर्जन, मग सिव्हिरिटी मायनर, म्हणजे चूक किरकोळ. दुरुस्ती जोडली असेल तर टॅग्जमधे पॅच लिहायचं. मेंटेनर आठवड्यात एखादा तास काढून बसतो, त्याला तयार पॅच मिळाला तर तो लगेच लावतो, नाहीतर नंतर बघू म्हणून राहून जातं. एक लक्षात ठेवा, तिथं पाठवलेली ईमेल तुमच्या पत्त्यासकट सगळ्यांना कायमची दिसते, तेव्हा शाळेचा किंवा घरचा पत्ता वापरायचा नसेल तर वेगळा काढा.

कातळावर

मिऱ्याने कळवायचं कसं ते सांगितलं, मी दुसऱ्या बाजूने सांगतो कारण मी स्वतः दोन छोटी पॅकेजेस सांभाळतो, गुहागरला घरी बसून, नोकरी करून उरलेल्या वेळात.

बाई, तुमच्या तीन रिक्वेस्ट बंद झाल्या यात तुमची चूक फार नाही, पण असं का होतं ते समजून घ्या म्हणजे पुढच्या वेळी मन खट्टू होणार नाही. २०२० च्या ऑक्टोबरमधे हॅक्टोबरफेस्ट म्हणून उपक्रम होता, चार पुल रिक्वेस्ट केल्या की टीशर्ट मिळायचा. त्या वर्षी हजारो लोकांनी कुठल्याही प्रोजेक्टच्या रीडमीमधे एखादा शब्द इकडेतिकडे करून रिक्वेस्ट टाकल्या, त्यातले बरेच आपल्या भारतातले विद्यार्थी होते, आणि मेंटेनर लोक इतके हैराण झाले की महिना संपायच्या आत नियम बदलावा लागला, ज्या प्रोजेक्टने स्वतःहून भाग घेतलाय तिथल्याच रिक्वेस्ट मोजायच्या असं ठरलं. तेव्हापासून एका शब्दाची रिक्वेस्ट आली की काही जण वाचायच्या आधीच बंद करतात. खरं मनापासून केलेलं काम पण त्यात भरडलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

यावर उपाय एकच, तुमची रिक्वेस्ट बघितल्या बघितल्या कळायला हवं की या माणसाने वाचून केलंय. एका प्रोजेक्टच्या सगळ्या चुका एका कमिटमधे, म्हणजे बदलाच्या एकाच नोंदीत. तीन शब्दांच्या तीन रिक्वेस्ट म्हणजे मला तीन वेळा उघडायच्या, तीन वेळा तपासण्या चालणार, तीन वेळा मर्ज करायचं, आणि ते मी रात्री जेवल्यावर करणार. आणि काय बदललं यापेक्षा का बदललं ते एका वाक्यात लिहा. तुमची ती ओळ, शोधणाऱ्याला पॅकेज सापडत नव्हतं, हे वाचलं असतं तर मी हातातलं काम टाकून आधी ते केलं असतं.

लिनक्स कर्नलवाल्यांचा एक जुना नियम मला फार पटतो. त्यांच्याकडे किरकोळ पॅचेसची वेगळी वाट होती आणि त्यात स्पेलिंगच्या कुठल्या दुरुस्त्या घेणार ते लिहिलेलं होतं, कागदपत्रांमधल्या, आणि ज्या चुकीमुळे ग्रेप या शब्द शोधणाऱ्या प्रोग्रामने शोधताना अडचण येईल अशा. म्हणजे शोधण्यात अडथळा येतो हे दुरुस्तीचं खरं कारण तिथं पण मानलं होतं. त्यांच्या सोर्समधे स्क्रिप्ट्स फोल्डरात स्पेलिंग नावाची फाइलच आहे, चुकीचा शब्द, दोन उभ्या रेघा, बरोबर शब्द, अशी यादी, आणि पॅच तपासणारी स्क्रिप्ट ती यादी बघून सांगते.

आता हात कुठे लावायचा नाही ते. ब्रिटिश स्पेलिंग म्हणजे चूक नव्हे, कलरमधे यू आहे म्हणून काढू नका किंवा नाही म्हणून घालू नका, आपण शाळेत ब्रिटिश शिकलो म्हणून अमेरिकन चुकीचं वाटतं, पण ते तसं नाही. लायसन्सच्या मजकुराला कधीच हात लावायचा नाही, त्यात चूक दिसली तरी. जुन्या चेंजलॉगला नाही, तो इतिहास आहे. आणि कोडमधल्या नावांना तर अजिबात नाही. वेबमधे रेफरर नावाचा हेडर आहे, त्यात एक आर कमी लिहिला गेला, ते तसंच १९९६ च्या एचटीटीपीच्या दस्तऐवजात गेलं आणि आजपण प्रत्येक ब्राउझर ते चुकीचंच स्पेलिंग पाठवतो, कारण आता सुधारलं तर सगळं मोडेल. युनिक्समधे क्रिएट नावाच्या सिस्टिम कॉलच्या शेवटचा ई पहिल्यापासून गायब आहे, तो पण तसाच राहिला. वर्णन हे माणसांसाठी असतं म्हणून ते बिनधास्त सुधारता येतं, नावं मशिनसाठी असतात, त्यांच्यावर दुसऱ्यांचं कोड उभं असतं.

सड्यावरची

दोघांचेही मनापासून आभार. कातळावर, तुम्ही रात्री जेवल्यावर बसता हे वाचून मला त्या बंद केलेल्या रिक्वेस्टबद्दलचा राग गेला. माहितीच नव्हतं हो असं काही झालंय.

आज दुपारी लाईट होती तोवर कोडस्पेल नावाचं स्पेलिंग तपासणारं साधन टाकून बघितलं, डेबियनमधेच मिळालं. वहीतल्या १७ पैकी १४ त्याला सापडल्या, तीन सुटल्या. वर ज्या मला दिसल्या नव्हत्या अशा नऊ दाखवल्या! पण त्यात एक माणसाचं आडनाव होतं आणि एक जर्मन शब्द. एक ठिकाणी 'अलाउज टू' चुकीचं का म्हणताहेत ते कळलं नाही, ते कोडस्पेलने नाही दाखवलं, लिंटियन नावाचं पॅकेज तपासणारं साधन चालवलं त्याने दाखवलं.

भाषांतराचं कुणी सांगेल का? तेच जास्त खातंय मला.

मिऱ्या_बंदर

कोडस्पेलमधे डब्ल्यू चा पर्याय चुकूनसुद्धा सुरुवातीला देऊ नका, तो सरळ फाइलमधे बदल लिहून टाकतो. नुसतं चालवलं तर फक्त दाखवतो, तेच बरं, एकेक वाचून ठरवायचं. त्याच्याकडे सगळ्या इंग्रजी शब्दांची डिक्शनरी नसते, नेहमीच्या चुकांचीच यादी असते, म्हणून तो अनोळखी नावांवर साधारणपणे ओरडत नाही, पण एखादं आडनाव नेमकं त्या चुकीसारखं असलं की अडकतं.

'अलाउज टू' बद्दल, इंग्रजीत अलाऊ नंतर कुणाला ते यावं लागतं, अलाउज वन टू किंवा अलाउज यूजर्स टू. आपण मराठीत 'करू देतं' म्हणतो, कुणाला ते सांगावं लागत नाही, त्यामुळे आपल्याला ते खटकत नाही. जर्मन, फ्रेंच मेंटेनरांच्या वर्णनांत हे भरपूर सापडतं, लिंटियनच्या यादीत म्हणून ते घातलंय.

माडाखालून

गाववाल्यांनु, मालवणातून लिहितोय. बाई, तुमचां म्हणणां बरोबर आसा, एक अक्षर बदललं की भाषांतर सुटतं. कसं ते सांगतो, मी बरीच वर्षं यात आहे.

डेबियनमधे वर्णनांची भाषांतरं पॅकेजच्या आत नसतात, ती वेगळ्या फाइलमधे असतात, प्रत्येक भाषेची एक. मग मशिनला कसं कळतं की हे मराठी वर्णन या पॅकेजचं? तर अख्ख्या इंग्रजी वर्णनावरून एक एमडी५, म्हणजे मजकुराचा ठसा, काढलेला असतो, ३२ अक्षरांचा, तो पॅकेजच्या नोंदीत पण असतो आणि भाषांतराच्या नोंदीत पण. दोन्ही जुळले तर मराठी दाखवायचं. आता इंग्रजीत एक ई चा ए झाला की एमडी५ पूर्ण बदलतो, एका अक्षरापुरता नाही, सगळाच्या सगळा. मग जुळत नाही आणि मशीन इंग्रजी दाखवतं. तुमचं मराठी कुठे गेलेलं नाही, ते साठ्यात तसंच आहे, फक्त गाठ सुटली. भाषांतराच्या पानावर जाऊन ते पॅकेज परत घेतलंत तर जे परिच्छेद बदलले नाहीत ते आपोआप भरलेले मिळतात, बदललेला परिच्छेद तेवढा बघायचा आणि परत पाठवायचं. शब्दाचं स्पेलिंगच सुधारलं असेल तर मराठीत काहीच बदलायचं नसतं.

प्रोग्रामच्या आतल्या मेसेजेसचं पण असंच, फक्त यंत्रणा वेगळी. तिथं गेटटेक्स्ट या भाषांतराच्या यंत्रणेच्या पीओ फाइल्स असतात, मूळ इंग्रजी वाक्य हीच चावी. ते बदललं की भाषांतरावर फझी अशी खूण बसते आणि फझी असेल ते वापरात घेत नाहीत, इंग्रजी दिसतं. ३० भाषा असतील तर ३० जणांनी उठून ती खूण काढायची, एका ई साठी. हे टाळता येतं, ज्याने इंग्रजी सुधारलं त्यानेच त्याच कमिटमधे सगळ्या पीओ फाइल्समधलं मूळ वाक्य पण तसंच सुधारून टाकायचं, अर्थ बदलला नाहीये ना, मग खूण कशाला बसू द्यायची. पीओफोरए नावाच्या साधनांच्या संचात एमएसजी-अनटायपॉट म्हणून एक छोटा प्रोग्राम नेमका याच कामासाठी आहे. बाई, तुम्ही पॅच पाठवताना हे केलंत ना, तर भाषांतरवाले तुम्हाला दुवा देतील.

म्हणून नुकसान होतं का, तर थोडं होतं, पण चूक ठेवून होणारं जास्त. फक्त वेळ बघायची. रिलीज तोंडावर आलेला असताना, भाषांतरवाले शेवटची धावपळ करत असताना, मेसेजेसमधली स्पेलिंग सुधारायला घेऊ नये. बाकी कधीही.

आता मनातलं एक बोलतो. आपण इंग्रजीतल्या चुका शोधतोय ते चांगलंच, पण आपल्या मराठी वर्णनांचं काय? इंग्रजीला कोडस्पेल आहे, लिंटियन आहे. मराठीत मी काल २० वर्णनं तपासायला घेतली आणि डोकं धरून बसलो. ह्रस्व दीर्घ तर आहेच, १९६२ सालचे १४ नियम आणि नंतरचे ४, ते निदान पुस्तकात बघता येतात. पण जे डोळ्यांना दिसतच नाही ते कसं पकडणार? आपल्या मिऱ्याचं नाव घ्या. यातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एक, खाली नुक्ता म्हणजे टिंब असलेल्या ऱ च्या अक्षराला हलंत देऊन. दुसरा, साध्या र ला हलंत देऊन मधे झीरो विड्थ जॉइनर हे न दिसणारं चिन्ह टाकून. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखे, मशिनच्या लेखी दोन वेगळे शब्द, एकाने शोधलं तर दुसरं सापडणार नाही. आणि दोन्हीतलं काहीच केलं नाही तर रफार होतो, अर्थच बदलतो. दऱ्या म्हणजे डोंगरातल्या, दर्या म्हणजे हा माझ्या दारासमोरचा.

ॲप या शब्दाचं पण तेच. ॲ साठी युनिकोडमधे स्वतंत्र अक्षर २००८ साली आलं, त्याच्या आधी लोक अ वर चंद्र टाकून काम भागवायचे आणि खूप जण अजून तसंच टाइप करतात. वर्णनांत तर ॲप आणि ॲप्लिकेशन हे शब्द सगळ्यात जास्त येतात! म्हणजे बाईंच्या कॅलेंडरसारखी चूक मराठीत रोज होतेय आणि ती वाचूनसुद्धा दिसणार नाही. मी एक छोटी यादी करायला घेतलीये, चुकीचं एका बाजूला, बरोबर दुसऱ्या बाजूला, कोडस्पेलला बाहेरून अशी यादी देता येते. कुणाला हात लावायचा असेल तर सांगा. मी ठरवलंय ते असं, ऱ नेहमी नुक्त्याचं अक्षर वापरून, आणि ॲ नेहमी स्वतंत्र अक्षर.

कातळावर

यादीला मी आहे. शब्द काढून देतो, माझ्या दोन पॅकेजेसची मराठी वर्णनं पण तपासायची राहिलीत. ऱ चा निर्णय पटला, पण जुनी भाषांतरं सरसकट बदलायच्या आधी एकदा सगळ्यांना विचारू, कुणाचा फॉन्ट जुना असेल तर दिसायला पण त्रास होऊ शकतो.

सड्यावरची

माडाखालून, तुम्ही एमडी५ चं सांगितलंत ते वाचून मी लगेच जाऊन माझं जुनं भाषांतर बघितलं, खरंच सगळं तिथंच होतं! तीन परिच्छेद भरलेले, एकाच्या जागी नवीन इंग्रजी. दहा मिनिटांत परत पाठवलं. वर्षभर मला वाटत होतं की ते गेलं.

कॅलेंडरवालं पण कळवलं. ईमेल अशी लिहिली, वर पॅकेजचं नाव, व्हर्जन, मायनर, पॅच. मग इतकंच की एपीटी सर्चमधे बरोबर स्पेलिंग टाकून शोधलं तर हे पॅकेज येत नाही कारण वर्णनात दोन्ही ठिकाणी ए च्या जागी ई आहे, माझ्या शाळेतल्या मुलाला म्हणून ते सापडलं नाही, दुरुस्ती जोडलीये. पाठवायच्या आधी कंट्रोल फाइलमधल्या स्पेस आणि टिंब तीनदा बघितले. थोड्या वेळाने आपोआप बगचा नंबर आला. आणि तिसऱ्या दिवशी मेंटेनरचं उत्तर, आभार मानलेत, पॅच घेतलाय, पुढच्या अपलोडमधे जाईल, आणि शोधताना हे होत असेल हे त्याच्या कधी लक्षातच आलं नव्हतं म्हणाला. मी ते उत्तर लॅबमधे मोठ्याने वाचून दाखवलं. तो मुलगा दोन दिवस सगळ्यांना सांगत होता की माझ्यामुळे डेबियन सुधारलं, आणि ते खरंच आहे.

आमच्या मशिनवर मात्र ते लगेच दिसणार नाही ना? स्टेबलमधे, म्हणजे जाहीर झालेल्या पक्क्या आवृत्तीत, स्पेलिंगसाठी नवीन व्हर्जन देत नाहीत असं वाचलं, म्हणजे पुढचं डेबियन टाकेन तेव्हा. चालेल. तोवर लॅबच्या फळ्यावर पॅकेजचं नाव लिहून ठेवलंय. फवारणीच्या तारखा त्याने टाकल्या, पहिली आठवण वेळेवर आली.

उरलेल्या चुका एकेका प्रोजेक्टच्या एकत्र करून पाठवतेय, दर शनिवारी एक, कारण शनिवारी शाळा सकाळची असते. माडाखालून, यादीसाठी मला पण घ्या, मुलांच्या वह्यांतून मला खूप शब्द मिळतील.

आता एक अडलंय. त्याच कॅलेंडरच्या पॅकेजचं मराठी वर्णन करतेय. दिनदर्शिका लिहू की कॅलेंडर? दिनदर्शिका शब्द मला आवडतो, पण आमच्याकडे भिंतीवरच्याला सगळे कॅलेंडरच म्हणतात, आणि मुलं शोधताना तेच टाइप करणार. मी वरच्या एका ओळीत कॅलेंडर घेतलंय आणि खाली परिच्छेदात एकदा दिनदर्शिका, म्हणजे कुठल्याही शब्दाने शोधलं तरी सापडेल. दुसऱ्या कुणी वाचून बरोबर म्हटल्याशिवाय भाषांतर पुढे जात नाही, तेव्हा मिऱ्या, आज रात्री बघशील का? आणि वेळापत्रकातलं वे दीर्घच राहिलंय ना आणि 'दुसऱ्या' मधला र कुठला पडलाय ते पण बघ, मला स्क्रीनवर काही कळत नाही.

मिऱ्या_बंदर

बघितलं. वेळापत्रक बरोबर आहे, वे ला ह्रस्व दीर्घ नसतंच. 'दुसऱ्या' दोनदा आलाय, पहिला नुक्त्याचा आहे आणि दुसऱ्यात जॉइनर घुसलाय, बहुतेक तो फोनवर टाइप केला असणार. तेवढा बदलून ओके दिलंय. दिनदर्शिका खाली ठेवलीत ते बरं केलंत.